शेवंता निवास, मुक्काम करोल बाग

आमच्या गल्लीत स्वतःच्या नावाचा बंगला असलेली बाई एकच, आणि तीच गल्लीत भाड्याने राहायची. तिचं नाव शेवंता. बंगला इथे नाही, विट्याच्या पलीकडे तिच्या सासरगावी. दुमजली, पुढे व्हरांडा, फाटकाच्या खांबावर काळ्या दगडात सोनेरी अक्षरं : 'शेवंता निवास'. नवऱ्याने घराला बायकोचं नाव दिलं म्हणून गावात केवढं कौतुक झालं. मी मात्र तेव्हाही म्हटलं होतं आणि आताही म्हणते, निवास या शब्दाला थोडी लाज असती तर तो त्या पाटीवरून आपणहून उतरला असता. जिच्या नावाने निवास, ती बाई राहायची करोल बागेत, बीजींच्या घराच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत.

मी विनया, पुण्याची. समोरच्या घराचा दुसरा मजला आमचा. नवऱ्याची बदली दिल्लीला झाली, दोन-तीन वर्षांत परत जाऊ म्हणता म्हणता केस पांढरे झाले. पुण्यात आम्हांला ना घर ना दार. सासऱ्यांची जागा दिरांनी गोड बोलून घेतली. म्हणून नाइलाजाने इथे घेतलं. तेव्हा साध्या माणसालाही घेता यायचं. शेवंता माझ्या दाराकडे बघून म्हणायची, "ताई, तुमचं नशीब थोर. तुम्हांला गाव नाही." पुण्याच्या माणसाला हे वाक्य पचायला जड जातं. मी दोन दिवस फुरंगटले होते. नंतर तिचं म्हणणं कळलं.

तिचा नवरा, अंबादासराव, गलाईवाले. सोनारांकडचं मोडीचं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या मुलखात ही जुनी वहिवाट आहे. घरटी एक तरी पोरगा बाहेर पडतो. कुणी कोलकात्याला, कुणी कोइमतूरला, कुणी दिल्लीला. सोनाराच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा ही माणसं विकत घेतात आणि तिच्यातून सोनं काढतात. शेवंता नवऱ्याचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची आणि ते पाणी मोरीत कधी ओतायची नाही. तळाशी बसलेला गाळ वाळवून दुकानात परत जायचा. मी एकदा थट्टेने म्हटलं, "अगं, तुमच्याकडे मळसुद्धा कमावता आहे." तर म्हणाली, "कमावता हाय खरा. पण कमाई सगळी गावाला जाते."

तीही तिकडची रीतच. बाहेरगावी कसंही राहा, दुकानाच्या माळ्यावर झोपा, एका खोलीत लेकरं वाढवा, पण गावात स्लॅब पडला पाहिजे. एकाने दुमजली बांधलं की दुसरा त्याच्यावर गच्चीचं टोक काढणार. मग जत्रेला आठ दिवस सगळे गावी जमणार, एकमेकांच्या फरशा बघणार, आणि कुलपं लावून पुन्हा आपापल्या भट्टीकडे. अंबादासराव मनाने भला माणूस, व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. पण या एका बाबतीत मेंढरामागे मेंढरू.

शेवंता नवी नवरी म्हणून आली ती थेट बीजींच्या घरात. बीजी म्हणजे घरमालकीण, फाळणीनंतर या गल्लीत आलेल्या पंजाबी कुटुंबातली सून, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. दिल्लीच्या जुन्या घरांत मजल्यांच्या मधोमध उजेडासाठी चौकोनी लोखंडी जाळी टाकलेली असते. वरून ऊन खाली जातं, खालून फोडणीचा वास वर येतो. पहिल्या आठवड्यात त्या जाळीवर पाय ठेवायला शेवंता घाबरायची. मग त्याच जाळीच्या कडेला बसून ती हिंदी शिकली, पंजाबी शिकली, राजमा कधी शिजला म्हणायचा ते शिकली. बीजी खालून हाक मारायच्या, "शेवंती पुत्तर, मटर छीलने आ जा." पुरणपोळ्या गॅलरीतून दोरीच्या पिशवीतून खाली जायच्या आणि त्याच पिशवीतून गाजराचा हलवा वर यायचा. तिचं बाळंतपण झालं तेव्हा आईला यायला उशीर झाला. पोराला पहिली आंघोळ बीजींनी घातली. तो पोरगा म्हणजे अथर्व, आता फरीदाबादला एका कंपनीत इंजिनिअर आहे.

आता ऐका, ही बाई घरमालकीण होता होता कशी राहिली ते. एकदा नव्हे, दोनदा.

पहिल्यांदा बीजींना मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते. त्यांनी आपणहून विचारलं, वरचा मजला तुम्हीच घ्या, बाहेरच्याला का देऊ? शेवंताने त्या रात्री बीजींचा निरोप नवऱ्याच्या कानावर घातला. अंबादासराव म्हणाले, "अगं, गावाकडं स्लॅबचं सामान येऊन पडलंय. आणि दिल्लीत घर कशाला? आपण का इथं मरणार आहोत?" विषय संपला. दुसऱ्यांदा बीजींच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हाही त्यांनी आधी यांनाच विचारलं. तेव्हा गावाकडे थोरल्या दिरांनी दुसरा मजला चढवला होता, त्यामुळे आमच्या अंबादासरावांनाही चढवणं भाग होतं. बीजींनी नड कशीबशी भागवली आणि पुन्हा काही विचारलं नाही. शेवंताही बोलली नाही. ती बोलायचीच नाही, हा तिचा दोष. मी तिच्या तोंडावर सांगितलेला आहे.

वास्तुशांतीला मी मुद्दाम गेले होते. सगळ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना बंगलेच बंगले, रंगीत, कठडेवाले, आणि एकाआड एक कुलूपबंद. शेवंता पैठणी नेसून पाटावर बसली होती. बायका तिला म्हणत होत्या, भाग्याची गं बाई. संध्याकाळी ती मला गच्चीवर घेऊन गेली. चारी बाजूंना मोकळं रान, वारा सुटलेला. मला तर हेवाच वाटला. ती कठड्याला टेकली आणि म्हणाली, "ताई, इथनं कुणाचंच घर दिसत नाही हो. म्हणजे घरं दिसतात. पण कुणी दिसत नाही."

मग जत्रेपुरतं घर उघडायचं, एक म्हातारा गडी आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायचा, असं चालू राहिलं. इकडे आमची गल्ली बदलायला लागली. एकेक जुनं घर पडायचं, त्याजागी बिल्डरचे चार मजले, खाली गाड्या, मधे लिफ्ट. शेवंता गॅलरीत उभी राहून पडणारी घरं बघायची. कुठलंही घर पडलं की त्या दिवशी तिचा स्वयंपाक बिघडायचा, मीठ तरी जास्त नाहीतर भात तरी करपलेला. आपल्या दोन खोल्यांची तिला आस होती, आणि ती आस वर्षागणिक वाढत होती. हे मला दिसत होतं, बीजींना दिसत होतं, फक्त जवळच्या माणसाला दिसत नव्हतं.

गेल्या थंडीत बीजी गेल्या. तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा विक्रांत वर आला. तो गुडगावला राहतो, लहानपणी शेवंताच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन शाळेत गेलेला. मी तिथेच बसले होते. चहा घेत मान खाली घालून म्हणाला, "आंटी, मकान तो अब निकालना है. बिल्डर आ रहे हैं. लेकिन मम्मी बोलकर गई हैं कि पहला हक आपका है. आप फ्लोर ले लो, तो मैं नीचे वाला किसी फॅमिली को दे दूँगा, तुड़वाऊँगा नहीं. बैसाखी तक रुकता हूँ."

तो गेला. अंबादासराव नेहमीसारखे कपबशा उचलायला लागले. आणि शेवंता, जिने जन्मात काही मागितलं नव्हतं ती शेवंता, जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाली, "मला हे घर पाहिजे."

मला वाटलं, आता स्लॅब, दीर, मरण, सगळं निघणार. मी पदर खोचून तयारच होते. पण अंबादासराव कपबशी हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मग गावचा बंगला विकू या," ते म्हणाले. "दुसरं आपल्याजवळ काय आहे?"

मी आयुष्यभर त्या माणसाला मेंढरू म्हणत आले होते, आणि तो एका वाक्यात कळपाबाहेर आला. शेवंता रडायला लागली. मीही रडले. अंबादासराव कपबशा धुवायला आत गेले.

त्यानंतरचे दिवस शेवंता हवेत होती. आजवर त्या खोल्यांकडे ती जपून बघायची, आता मालकिणीच्या नजरेने बघायला लागली. इथे कपाट करू, तिथे देवघर. मिस्त्री बोलावून तिने पहिली गोष्ट काय केली, तर दाराला उंबरा बसवून घेतला. त्या दाराला उंबरा नव्हताच, नुसती लोखंडी चौकट. अथर्व रविवारी आला, त्याने विचारलं, "मम्मी, हे काय नवीन?"

"उंबरा."

"उंबरा म्हणजे?"

मी म्हटलं, "अरे गाढवा, दहलीज. जिच्यावर तुझी आई रोज हळदकुंकू वाहणार ती."

"अच्छा," तो म्हणाला. "पण यार, रजिस्ट्री तर होऊ द्यायची ना आधी." पोरगं आईवर माया करणारं, पण हिशेबी. आणि त्याचं बरोबर होतं, हे मला कबूल करावं लागतं.

अंबादासराव जत्रेलाच गेले. मुद्दाम जत्रा निवडली, कारण पैसेवाले सगळे तेव्हाच गावात असतात. कोलकात्याचे, कोइमतूरचे, हैदराबादचे. देवळापुढच्या मांडवात सगळे बसलेले असताना त्यांनी सांगितलं, घर काढायचं आहे. आधी कुणाचा विश्वास बसला नाही. मग एकेक जण बाजूला घेऊन हळू आवाजात विचारायला लागला, "अंबादास, धंद्यात खोट आली काय? पोराचं काही वाकडंतिकडं?" कारण त्या गावात घर विकायला काढतो तो फक्त बुडालेला माणूस. थोरले दीर तर दोन दिवस बोलले नाहीत. आमची अब्रू वेशीवर टांगलीस म्हणाले. सगळं अंबादासरावांनी ऐकून घेतलं. दिल्लीच्या दोन खोल्यांसाठी विकतोय, हे काही कुणाला पटत नव्हतं.

बरं, अब्रू गेली तर गेली, घर तरी जावं! पण घेणार कोण? ज्याच्याकडे पैसे त्याचा बंगला आधीच उभा. ज्याचा बंगला नाही त्याच्याकडे पैसे नाहीत. आणि बाहेरचा माणूस त्या माळरानावर कशाला येईल? हैदराबादच्या एका भल्या गृहस्थाकडे ते मोठ्या आशेने गेले. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "अंबादास, मी तुझा घेण्यापेक्षा तू माझा घे की. शेजारीच आहे, भिंत पाडलीस की एक होईल." एक जण दारं-खिडक्या आणि फरशी काढून नेतो म्हणाला, सागवान चांगलं आहे म्हणे. म्हणजे जन्मभराच्या कमाईतून तेवढंच सुटं विकण्यासारखं निघालं. धुळीतून सोनं काढणाऱ्या माणसांनी सोन्याचं काय करून ठेवलं होतं, ते त्या आठवड्यात त्यांना दिसलं.

ते परत आले ते स्टेशनवरून थेट दुकानात गेले. शेवंताला सांगायला मला फोन केला. "ताई, तुम्ही सांगता का? मला जमणार नाही." मी म्हटलं, नाही, हे तुम्हीच सांगायचं. संध्याकाळी त्यांनी सांगितलं. ती उठून माझ्याकडे आली, माझ्या पलंगावर तोंड फिरवून झोपली आणि पोटातून रडली. "मला बंगला नको होता हो, ताई. मला एक दार पाहिजे होतं. आत जाऊन लावायला." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

बाकीचे दरवाजे ठोठावून झाले. दुकान भाड्याचं, त्यावर कर्ज मिळत नव्हतं. अथर्वच्या डोक्यावर फरीदाबादच्या फ्लॅटचं कर्ज. विक्रांत बैसाखीनंतरही थांबला, मग आणखी थांबला, शेवटी एक दिवस जिन्यातच उभा राहून म्हणाला, "आंटी, माफ करना." त्याच्यावर मी चिडू शकले नाही. बिल्डरचा माणूस फीत घेऊन खोल्या मोजून गेला.

अथर्व म्हणाला, आमच्याकडे या. शेवंता काही दिवस राहून आली. बाराव्या मजल्यावरचा स्वच्छ फ्लॅट, सून प्रणिता गुणी, बाथरूममध्ये गरम पाणी. "सगळं चांगलं आहे," तिने मला सांगितलं. "पण ताई, तिथं समोरच्या दाराला हाक मारायची तर आधी नाव माहीत पाहिजे." मग अथर्व म्हणाला, "मग गावी राहा ना मम्मी. प्रॅक्टिकल विचार कर. तुझ्या नावाचं एवढं मोठं घर आहे, भाडं नाही, हवा साफ. लोक तरसतात अशा घरासाठी."

शेवंता म्हणाली, "ज्यांना तरसायचं त्यांना घेऊ दे."

सामान हलवायच्या दिवशी तिने उंबऱ्यावर शेवटचं हळदकुंकू वाहिलं, मिस्त्रीला दिलेल्या पैशांवरून नवऱ्याने एक अक्षर काढलं नाही. जाळीच्या कडेला ती थोडा वेळ बसली. खालची खोली रिकामी होती, हाक मारायला कुणी नव्हतं. मग उठून तिने झाडू मारला. पडायच्या घराचा केर कुणी काढतं का? पण तिने काढला, सुपलीत भरला आणि कचऱ्याच्या गाडीपर्यंत स्वतः नेऊन टाकला. अंबादासराव बघत उभे होते. हा एकच केर त्यांनी तपासला नाही.

सामान आणि ती दोघं तात्पुरती आमच्याकडे आली, पण पुढे काय, हा प्रश्न होताच. तर शेवंताने स्वतःच शोध लावला. मागच्या गल्लीत एक बरसाती रिकामी होती. बरसाती म्हणजे गच्चीवरची एक खोली, पुढे पत्रा, उन्हाळ्यात तवा. साठीच्या माणसांनी तीन मजले चढून जायचं. मी खूप बोलले. गुडघे काढले, उन्हाळा काढला, लोक काय म्हणतील हेही काढलं, जे मी सहसा काढत नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ताई, तुम्ही याल ना दुपारी? मग झालं."

ठरवायला आम्ही तिघं गेलो. नवीन घरमालकीण तरुण होती, मेरठची, बोलायला मोकळी पण भाडेकरूंना पारखून घेणारी. अकरा महिन्यांचा करार, मटण चालेल, पाहुणे जास्त नकोत, पाण्याची मोटर वेळेवर. सगळं बोलून झाल्यावर तिने दोघांकडे निरखून पाहिलं. या वयाची जोडी, एका खोलीत, का, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता, आणि तो रास्तच होता.

"वैसे अंकलजी," तिने विचारलं, "आपका अपना घर कहाँ है?"

अंबादासराव सवयीने ताठ बसले. या प्रश्नाचं उत्तर त्यांना दिल्लीत पाऊल ठेवल्यापासून पाठ होतं. तालुका, जिल्हा, दोन मजले, फाटक. त्यांनी तोंड उघडलंही.

त्यांच्या आधी शेवंता बोलली. आवाज नेहमीचाच, कुणी भाजीचा भाव विचारावा आणि सांगावा तसा.

"यहीं है जी, अगली गली में," ती म्हणाली. "आजकल टूट रहा है."

अंबादासरावांनी तोंड मिटलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि करारावर सही केली.